उकळत्या दुधात विरजण

नाशिकच्या औषधदुकानांत 'एलबी' या दोन अक्षरांना फार मान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "ती सिक्स-ट्वेंटी-फाइव्ह द्या, पण मागच्या वेळी पोट पार बिघडलं होतं." काउंटरमागचा मुलगा मोबाइलवरची नजर न हलवता म्हणतो, "एलबीवाली देतो ना काका, पोटाला काही होणार नाही." काकांचा चेहरा उजळतो. पट्टी कात्रीने कापली जाते, पाच गोळ्या कागदी पाकिटात पडतात, व्यवहार संपतो. सिडकोत, इंदिरानगरात, नाशिकरोडला हे बोलणं इतक्या वेळा कानावर पडलंय की मला ते पाठ झालंय. प्रिस्क्रिप्शनचा त्यात उल्लेख येत नाही. त्यावर वेगळा लेख होईल.

सीव्ही म्हणजे क्लॅव्ह्युलॅनेट, ओझेड म्हणजे ऑर्निडाझोल, एलबी म्हणजे लॅक्टिक ॲसिड बॅसिलस. गोळ्यांच्या नावांना लागणारी ही शेपटं गोळे कॉलनीतल्या घाऊक बाजारात खोकी उचलणाऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतात. त्यातलं एलबी सर्वांत लाडकं. बाकीची शेपटं रोगावर चालून जातात, हे एकटं रोग्याची काळजी घेतं, असा समज. अँटिबायोटिक 'गरम पडतं', तोंड येतं, पोट ढिलं होतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक. म्हणून पूर्वी डॉक्टर सोबत बी-कॉम्प्लेक्स लिहून द्यायचे आणि आजी वाटीभर ताक पुढे करायची. आता ताक गोळीतच घातलंय, असं एलबीचं आश्वासन.

मला हे आश्वासन पोकळ वाटतं, आणि पोकळ असण्यापेक्षाही उपद्रवी वाटतं. अँटिबायोटिक लिहिताना डॉक्टरचा, देताना दुकानदाराचा आणि गिळताना आपला हात थोडा कचरायला हवा. एलबी तो कचरणारा हात मोकळा करते.

आधी पट्टीच नीट पाहू. माझ्या टेबलाच्या खणात एक आहे. मागच्या पावसाळ्यात दाढ सुजली तेव्हाची. पाठीमागे लाल रेघ, चौकोनात इशारा, आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत घटक: अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड १२५ मिलिग्रॅम (दोन्ही मिळून ६२५, तेच ते सिक्स-ट्वेंटी-फाइव्ह), आणि शेवटी लॅक्टिक ॲसिड बॅसिलस ६० मिलियन स्पोअर्स. म्हणजे ६ कोटी बीजाणू. आकडा ऐकून छाती दडपते. पण जंतूंच्या राज्यात कोटी म्हणजे चिल्लर. अँटिबायोटिकमुळे मुलांना होणाऱ्या जुलाबांवर प्रोबायोटिकचा उपयोग होतो का, याचा कॉक्रेनचा मोठा आढावा २०१९ साली आला. ३३ अभ्यास, ६,३५२ मुलं. प्रोबायोटिक न मिळालेल्यांत १९ टक्क्यांना जुलाब झाले, मिळालेल्यांत ८ टक्क्यांना. फरक चांगला आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या आढाव्यात जास्त फायदा दिसला तो दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून अधिक जंतूंच्या मात्रेला. माझी गोळी दिवसातून दोनदा, म्हणजे १२ कोटी. चाळीसपटींनी कमी. शिवाय आढावा करणाऱ्यांनी नावं घेऊन शिफारस केली ती लॅक्टोबॅसिलस रॅम्नोससची आणि सॅकॅरोमायसिस बुलार्डी या यीस्टची. माझ्या पट्टीत यातलं कुणीच नाही. एकाचा सातबारा दाखवून दुसऱ्याची जमीन विकावी, तसा हा प्रकार.

मग पट्टीत आहे कोण? याची गोष्ट गमतीची आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला या जंतूचं बारसं 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस' असं झालं. पुढे लक्षात आलं की लॅक्टोबॅसिलस कुळातले जंतू बीजाणू धरतच नाहीत; हा दुसऱ्याच घरातला, बॅसिलस कोॲग्युलन्स. शास्त्रज्ञांनी नाव बदललं, बाजाराने बदललं नाही. आपल्याकडे 'लॅक्टिक ॲसिड बॅसिलस' असं मधलंच, कुणालाच न दुखावणारं नाव चालू राहिलं. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ साली प्रोबायोटिकसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत जंतूची वाणापर्यंत ओळख हवी आणि मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील ते वेष्टनावर हवं, असं म्हटलंय. माझ्या पट्टीवर वाणाचा पत्ता नाही. गहू घ्यायला गेलं तर आपण लोकवन का सिहोर ते विचारतो.

एलबीच्या बाजूने बोलणारा इथे म्हणेल, आणि त्याचं म्हणणं ऐकायला हवं, की बीजाणू चिवट असतो. उष्णता सोसतो, पोटातलं आम्ल सोसतो, कोरडा वर्षानुवर्षं पडून राहतो. म्हणून तर तो निवडला. बरोबर आहे. लेखाच्या मथळ्यातलं विरजण उकळत्या दुधात मरतं, बीजाणू मरत नाही. तेवढ्यापुरती माझी उपमा लंगडी आहे. पण बीजाणू म्हणजे झोपलेला जंतू. झोपेत तो मरत नाही तसा कामही करत नाही. कोठारातल्या बियाण्यावर काहीही शिंपडा, त्याचं फारसं बिघडत नाही; कोंब फुटला की तो कोवळा असतो. आतड्यात जागा होऊन हा जंतू वाढायला लागतो तेव्हा त्याच गोळीतून आलेलं अँटिबायोटिक शेजारी असतं, आणि बारा तासांनी पुढची गोळी येतेच. सेफिक्झिमसारख्या औषधात तर निम्म्याहून अधिक भाग रक्तात शोषलाच जात नाही, आतड्यातच राहतो. आणि अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक अशा जाग्या झालेल्या जंतूंनाही मारू शकतं. ते रोगट आणि भले असा भेद करत नाही. एखाद्याने म्हणावं, काही जगत असतील. जगत असतीलही. पण ज्याला पाहुणा म्हणून बोलवायचं त्याला कुत्र्यासोबत एकाच खोलीत कोंडायचं आणि वर त्याच्या चिवटपणाचं कौतुक करायचं, यात शहाणपण कुठलं?

हे दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. माझा भाचा पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे द्राक्षं करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगाच्या भीतीने त्याची रात्रीची झोप उडालेली असते, ब्लोअरच्या टाकीत काय जाणार याचा वहीत हिशेब असतो. ट्रायकोडर्मा आणि बॅसिलस सबटिलिस तोही वापरतो. पण ज्या टाकीत ताम्रयुक्त बुरशीनाशक गेलं त्यात ट्रायकोडर्मा जात नाही; मध्ये काही दिवसांचं अंतर, टाकी धुऊन, मग जैविक. कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर कशात काय मिसळायचं नाही याचा तक्ता लावलेला असतो. मी त्याला माझी पट्टी दाखवली. त्याने घटक वाचले आणि म्हणाला, "मामा, हे मारायचं आन् जगवायचं एकाच टाकीत घातलंय का?" मी म्हटलं, हो. "मंग काढीन कोणाला आधी?" असं पुटपुटत त्याने पट्टी परत दिली.

या जिल्ह्याने रसायनाच्या बाबतीत शहाणपण ठेचा खाऊन मिळवलंय. २०१० साली युरोपने क्लोरमेक्वाटच्या अंशावरून आपली द्राक्षं अडवली आणि गावोगावची घरं हादरली. तेव्हापासून कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, हे आठवी शिकलेला बागायतदारही बोटांवर सांगतो. हॉलंडला जाणाऱ्या द्राक्षाच्या खेपेची प्रयोगशाळेत तपासणी होते. त्याच बागायतदाराच्या घरात, फ्रिजवरच्या डब्यात, गेल्या तीन आजारपणांतल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या एकत्र पडलेल्या असतात आणि त्यातली कुठली कुणाला द्यायची ते घरातली सून ठरवते. द्राक्षाला जे कळतं ते घशाला का कळू नये, याचं मला नेहमी नवल वाटतं.

अर्थात शेतीतही सगळंच आलबेल नाही. सटाणा-मालेगाव पट्ट्यात डाळिंबावर तेल्या रोग आला की स्ट्रेप्टोसायक्लिन फवारलं जायचं. तेही जोड-अँटिबायोटिकच: नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लिन. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं हे उत्पादन. देशाला स्वस्त पेनिसिलिन मिळावं म्हणून १९५४ साली स्थापन झालेला तो कारखाना. स्ट्रेप्टोमायसिन हे एकेकाळी क्षयाचं पहिलं प्रभावी औषध होतं आणि ते आपण पानांवर फवारत होतो. २०२१ च्या डिसेंबरात केंद्राने त्याच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा काढला.

म्हणजे जोडगोळी नेहमी वाईटच का? मुळीच नाही, आणि हा मुद्दा घाईत सोडण्यासारखा नाही. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ही औषधशास्त्रातल्या सर्वांत देखण्या जोड्यांपैकी एक आहे. काही जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर सोडून अमॉक्सिसिलिनचे तुकडे करतात. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, तेही मातीतल्या एका जंतूकडूनच मिळालेलं, स्वतः फारसं मारत नाही. त्या विकराला मिठी मारून बसतं आणि अमॉक्सिसिलिनला वाट करून देतं. १९८१ पासून ही जोडी बाजारात आहे. दोघांचाही रक्तातला अर्धा हिस्सा साधारण तासाभरात संपतो, म्हणजे दोघं बरोबर येतात, बरोबर काम करतात, बरोबर जातात. क्षयाची चार औषधं एका गोळीत घातली त्यालाही असाच आधार आहे: एकट्या औषधाला क्षयाचा जंतू लवकर सरावतो, आणि सहा महिने रोज मूठभर गोळ्या मोजून खाणं माणसाला जमत नाही.

यातून माझ्यापुरती एक कसोटी मी काढली आहे. दोन औषधं एका गोळीत तेव्हाच घालावीत, जेव्हा दोघांची वेळ एक, दिवस तेवढेच आणि एकाशिवाय दुसऱ्याचं काम अडतं. एलबी तिन्हीत नापास होते. प्रोबायोटिक द्यायचंच तर अँटिबायोटिकपासून निदान दोन तास लांब द्यावं, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. एका गोळीतल्या दोन गोष्टींत दोन तासांचं अंतर कसं पाडणार? प्रोबायोटिक बऱ्याचदा अँटिबायोटिक संपल्यावरही काही दिवस चालू ठेवायला सांगतात. गोळी तर दोन्ही एकदम संपवते. आणि एखाद्याला प्रोबायोटिक नको असेल तर ते वगळण्याची सोय डॉक्टरकडे उरत नाही.

नको असेल, असं म्हणालो, कारण प्रोबायोटिक म्हणजे देवाचा अंगारा, लावला तर बरं, नाही लावला तरी बरं, असा जो समज आहे तो खरा नाही. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या २९८ रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. प्रोबायोटिक मिळालेल्या गटात १६ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ६ टक्के. हे अत्यवस्थ रुग्ण होते, दाढदुखीचे नव्हेत. तरी 'निरुपद्रवी' हा शब्द वापरताना जीभ चावायला हवी. केमोथेरपी चालू असलेला, प्रतिकारशक्ती खचलेला, मोठ्या शिरेत नळी घातलेला रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ, यांना जिवंत जंतू किंवा यीस्ट देताना डॉक्टर दहादा विचार करतात, कारण ते रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत. ब्रिटनमध्ये इस्पितळांतल्या २,९४१ वृद्धांवर झालेल्या चाचणीत प्रोबायोटिकचा काहीच फायदा दिसला नाही. ती २०१३ ची. आणि २०१८ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २१ निरोगी स्वयंसेवकांना अँटिबायोटिक देऊन पाहिलं की आतड्यातली मूळ वस्ती परत कशी येते. काहीच न दिलेल्यांची बऱ्यापैकी लवकर परतली. प्रोबायोटिक दिलेल्यांची लांबली, महिनोन्‌महिने लांबली. नव्या भाडेकरूंनी घर अडवलं, मूळ मालकांना दार उघडेना. अभ्यास छोटा होता, त्यावरून सगळं उलटंपालटं करू नये. पण 'मायक्रोबायोम भरून काढा' असं ठणकावणाऱ्यांनी तो वाचावा. उलट ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका विशिष्ट वाणाने जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटवले. तिथे वाण ठरलेला होता, मात्रा मोजलेली होती, कुणाला द्यायचं ते नक्की होतं, आणि ते अँटिबायोटिकच्या गोळीत कोंबलेलं नव्हतं.

असं असताना या गोळ्या निघतात कशा? याचं उत्तर प्रयोगशाळेत कमी आणि कचेरीत जास्त सापडतं. नव्या मिश्रणाला दिल्लीच्या केंद्रीय औषध नियंत्रकाची परवानगी लागते. राज्यांनी ती न पाहता कारखान्यांना परवाने दिले, आणि २०१२ साली संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले. पुढे बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने हजारो मिश्रणं तपासली आणि तिच्या अहवालावरून मार्च २०१६ मध्ये केंद्राने एका दमात ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. वर्ष सरायच्या आत दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पुन्हा तपासणी झाली, सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी. मग २०२३ मध्ये आणखी १४, ऑगस्ट २०२४ मध्ये १५६. सापशिडीचाच हा खेळ. ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने २००७ ते २०१२ या काळात भारतात विकली गेलेली ११८ जोड-अँटिबायोटिकं तपासली, त्यातल्या ७५ ना केंद्रीय मंजुरीची नोंदच सापडली नाही. कंपनीला मिश्रण का आवडतं तेही उघड आहे. साधं अमॉक्सी-क्लॅव्ह शंभर कंपन्या विकतात. त्याला एक शेपूट लावलं की कंपनीच्या प्रतिनिधीला, म्हणजे एमआरला, डॉक्टरसमोर सांगायला नवीन काही मिळतं.

एमआर हा शब्द आला तर नाशिकबद्दलही बोलू. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच गावात, म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर आहे. १९९८ पासून राज्यातल्या ॲलोपॅथीच्या, आयुर्वेदाच्या, होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या पदव्या इथून निघतात. २०१४ साली राज्याने कायदा बदलून होमिओपॅथना एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केल्यावर ॲलोपॅथीची औषधं लिहिण्याची मुभा दिली. तो अभ्यासक्रमही याच विद्यापीठाचा. त्यावरून डॉक्टरांच्या संघटनांत जो वाद पेटला त्यात मला या क्षणी शिरायचं नाही. कोण कुठल्या पॅथीचा, यापेक्षा मला दुसरा प्रश्न पडतो. पदवी घेतल्यावर पुढची तीस वर्षं या सगळ्यांना, एमबीबीएस धरून, अँटिबायोटिक शिकवतं कोण? म्हसरूळचं विद्यापीठ नाही. चामडी बॅग घेऊन दुपारी दोनला दवाखान्याच्या बाकावर बसलेला, घामाघूम झालेला तो पोरगा शिकवतो. त्याचा दोष नाही, त्याला महिन्याचं टार्गेट आहे. पण तो 'एलबीमुळे पेशंट तक्रार घेऊन परत येत नाही' असं सांगतो तेव्हा तो डॉक्टरच्या मनातली एक अतिशय उपयोगी भीती पुसत असतो.

ती भीती उपयोगी का, ते सांगतो. अँटिबायोटिकची खरी गंभीर किंमत कुणाला डोळ्यांनी दिसत नाही. २०१९ या एका वर्षात जगभरात १२ लाख ७० हजार माणसं औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट दगावली, असा २०२२ सालचा अंदाज आहे. पण सर्दीला गोळी मागणाऱ्या काकांना त्यातलं एकही मढं आपल्या गोळीशी जोडता येत नाही. त्यांना दिसतं ते आपलं पोट. 'मागच्या वेळी फार जुलाब झाले हो' ही एकच तक्रार अशी होती, जिच्यामुळे पेशंट स्वतःहून विचारायचा, "खरंच लागेल का ही?" आणि डॉक्टरही म्हणायचा, "थांबू दोन दिवस." बहुतेक सर्दी, घसादुखी, साधे जुलाब विषाणूंचे असतात, दोन दिवस थांबणं हेच त्यातलं सर्वांत सुरक्षित औषध. जुलाबांच्या भीतीने ते मिळत होतं. एलबीने ती भीती काढून घेतली, आणि बदल्यात १२ कोटी झोपलेले बीजाणू दिले.

आणि जे धोके खरोखर जिवावर बेततात, त्यांच्याशी एलबीचा काडीचा संबंध नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला ही गोळी एलबीसकट तितकीच घातक. क्लॅव्ह्युलॅनेटमुळे क्वचित यकृताला इजा होऊन कावीळ होते, ती कधीकधी कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी उमटते, वयस्कर पुरुषांत जास्त. पूर्वी या औषधाने कावीळ झालेल्याला ते पुन्हा द्यायचं नसतं. रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगायलाच हवं. हे प्रश्न काउंटरवर कुणी विचारत नाही, कारण 'पोटाला काही होणार नाही' या वाक्यानंतर विचारायचं काही उरलंय असं वाटतच नाही.

ज्याला डॉक्टरने तपासून ही गोळी दिलीच आहे, त्याच्या हातात मात्र पुष्कळ काही आहे, आणि ते सगळं फुकट आहे. अमॉक्सी-क्लॅव्ह पहिल्या घासासोबत घ्यावं. क्लॅव्ह्युलॅनेट आतड्याला चाळवतं, जुलाबांचा मोठा वाटा त्याचा असतो. जेवणाच्या सुरुवातीला घेतलं तर त्रास कमी होतो आणि ते शोषलंही चांगलं जातं. ६२५ संपली म्हणून ३७५ च्या दोन घेऊ नयेत. ३७५ मध्येही क्लॅव्ह्युलॅनेट १२५ च असतं, दोन घेतल्या की ते दुप्पट होतं. क्लॅव्ह्युलॅनेटला ओल अजिबात सोसत नाही, म्हणून ही गोळी जाड ॲल्युमिनियमच्या वेष्टनात येते. आठवड्याच्या वारांच्या डबीत ती काढून ठेवायची नाही. इगतपुरीकडून येणाऱ्या श्रावणातल्या हवेत ती पिवळट पडते. मुलांचं पातळ औषध पाणी घालून एकदा हलवलं की फ्रिजमध्ये आणि सात दिवसांनी गटारात; धाकट्याच्या पुढच्या खोकल्यासाठी नाही. जुलाब झालेच तर मीठ-साखरेचं पाणी, आणि रक्त किंवा आव पडली, ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टर. आतडं थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही.

आणि प्रोबायोटिक? मुलाला पूर्वी अँटिबायोटिकने बेजार केलं असेल तर डॉक्टरला सरळ विचारावं आणि वेगळं घ्यावं, नाव आणि वाण लिहिलेलं, दोन-तीन तासांच्या अंतराने. बुलार्डी हे यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिक त्याला मारत नाही. मात्र बुरशीविरोधी औषध चालू असेल तर मारतं. आजीच्या ताकाचं काय, असं विचाराल. ताक प्या. त्यातले जंतू चाचणीतल्या वाणांचे नाहीत, त्यामुळे त्यावर औषधाचा भार टाकू नये. पण पोटात पाणी जातं, मीठ जातं, चव येते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर तेवढं ताक-दही गोळीपासून दोन तास लांब ठेवावं, कारण दुधातलं कॅल्शियम त्या औषधांना धरून ठेवतं आणि ती शोषली जात नाहीत. गंमत पाहा, आजीच्या ताकात ही सोय आहे. ते गोळीपासून लांब ठेवता येतं.

सरकारनेही काही केलं नाही असं नाही. लाल रेघेची मोहीम झाली. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-वन यादीत सेफिक्झिमसारखी औषधं आली. ती विकताना दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी देशभरच्या डॉक्टरांना पत्र लिहून अँटिबायोटिक कशासाठी दिलं ते प्रिस्क्रिप्शनवर लिहिण्याची विनंती केली. छान आहे हे. माझ्या दाढेच्या चिठ्ठीवर कारण लिहिलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणाऱ्याने हेही सांगून टाकावं की पाच दिवसांचा डोस मी तिसऱ्या दिवशी सोडला, सूज उतरली म्हणून, डॉक्टरला न विचारता. म्हणून तर त्या पट्टीत चार गोळ्या उरल्या आणि खणात पडल्या, आणि म्हणून तिच्यावरची बारीक अक्षरं आज वाचता आली.

हा लेख लिहीत होतो तेव्हा शेजारच्या वहिनी डोकावल्या. त्यांच्या नातवाच्या घशात दुखत होतं, अंगही कोमट होतं, रविवार असल्याने दवाखाना बंद. पट्टी टेबलावर उघडीच होती.

"भावजी, त्या एलबीवाल्या ना? अर्धी करून देऊ का त्याला?" मी तोंड उघडायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "पोटाला काही होत नाही त्यांनी, म्हणून म्हटलं."